फिरती पेटी पुन्हा फिरू दे

सीमाप्रश्नाला वाहिलेल्या या स्तंभात सुरत जिल्ह्यातील कडोदरा या गावाचे नाव पाहून आमच्या काही वाचकांना नवल वाटेल. बेळगाव, कारवार, निपाणी, खानापूर, बिदर, भालकी ही नावे आमच्या वाचकांच्या जिभेवर खेळणारी. कडोदरा त्यांच्या पंगतीत कधी बसले नाही. महाराष्ट्राने त्या गावावर हक्क सांगितलेला नाही, सांगण्याचे कारणही नाही. तरीही आज आम्ही त्या गावाविषयी लिहिणार आहोत आणि तेही एका लहानशा सार्वजनिक वाचनालयाच्या निमित्ताने. कारण मराठी माणूस राज्याच्या सीमेपलीकडे गेला म्हणजे त्याच्या भाषेचे काय होते, हा प्रश्न बेळगावइतकाच कडोदऱ्याचाही आहे. आणि त्याचे उत्तर केवळ न्यायालयात आणि विधिमंडळात मिळणारे नाही.

सुरतेहून पूर्वेस बारडोलीकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे छेदतो, तेथे हे कडोदरा वसले आहे. तालुका पलसाणा. एके काळचे हे खेडे आज कापडाच्या गिरण्यांनी, रंगाई-छपाईच्या कारखान्यांनी आणि लूमच्या खडखडाटाने वेढलेले औद्योगिक गाव आहे. त्याला नगरपालिका आहे. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून जसे हात या पट्ट्यात आले, तसेच ते खानदेशातूनही आले. नंदुरबार, धुळे, जळगाव येथील कोरडवाहू शेतकऱ्याची पोरे पाऊस चुकला की सुरतेची गाडी धरतात, ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने खानदेशची मजुरी सुरतेला बांधून टाकली त्याला शंभर वर्षे उलटून गेली. त्या वाटेवर नवापूरचे स्थानक लागते. राज्याची सीमा त्या स्थानकाच्या मधूनच गेली आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. चार पावले चालले की राज्य बदलते. परंतु प्रवाशाच्या तोंडची भाषा चार पावलांत बदलत नाही. ती बदलायला एक पिढी लागते, आणि ती पिढी आज कडोदऱ्याच्या खोल्याखोल्यांतून वाढत आहे.

या पिढीची अवस्था काय आहे? घरात आई अहिराणी बोलते. बाजारात हिंदी चालते. शाळेत गुजराती. या तिन्ही भाषा पोर चुटकीसरशी आत्मसात करते, याचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु ज्या प्रमाण मराठीत त्याच्या आजोबांचा सातबारा आहे, ज्या मराठीत गावाकडून लग्नपत्रिका येते, ती लिहिली मराठी त्याच्या दृष्टीला पडतच नाही. सुरत महानगरपालिकेचे शिक्षण मंडळ गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू या माध्यमांच्याही प्राथमिक शाळा चालवते. ही गोष्ट सुरतेला भूषणावह आहे आणि बेळगावात बसून ती मोकळ्या मनाने मान्य करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. पण शाळा झाली तरी ती मुलाला सोबत करणार ती काही इयत्तांपुरती. पुढे काय? आणि जो बाप बारा तासांची पाळी करून येतो, जी आई चार भिंतींत साड्यांना टिकल्या लावत बसते, त्यांनी अक्षराची सोबत कोठे शोधावी? त्यांच्यासाठी शाळा नसते. त्यांच्यासाठी असते ते वाचनालय.

वाचनालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुलपातली कपाटे, धूळ खात पडलेल्या कादंबऱ्या आणि पेंगणारा कारकून उभा राहतो. ते चित्र पुसून टाकले पाहिजे. कडोदऱ्यासारख्या गावचे वाचनालय कसे असावे? त्याच्या वेळा गिरणीच्या पाळीप्रमाणे असाव्यात. सकाळची पाळी सुटलेल्याला संध्याकाळी आणि रातपाळी करून आलेल्याला दुपारी दार उघडे मिळावे. तेथे धुळे-जळगावची वर्तमानपत्रे यावीत, म्हणजे गावाकडच्या पावसापाण्याची, कापसाच्या भावाची खबर कामगाराला त्याच दिवशी कळेल. भविष्यनिर्वाह निधीचा, रेशनकार्डाचा, विम्याचा, मुलाच्या दाखल्याचा अर्ज भरून देणारा एक जाणता माणूस आठवड्यातून दोन दिवस तेथे बसावा. दुपारची वेळ बायकांसाठी राखावी. त्यांच्यात ज्या ओव्या आणि कहाण्या आहेत, त्या एकीने सांगाव्यात, दुसरीने उतरून घ्याव्यात. सुट्टीच्या दिवशी मुलांना गोष्टी वाचून दाखवाव्यात. स्पर्धापरीक्षेच्या उमेदवाराला दाटीवाटीच्या खोलीत जी शांतता मिळत नाही, ती येथे एका टेबलावर मिळावी. आणि गावाहून नव्याने आलेल्या मजुराला गुजराती अक्षरओळख करून देणारा वर्गही येथेच भरावा. इतके झाले की पुस्तक आपोआप हातात येते. अर्ज भरायला आलेला मनुष्य वर्तमानपत्र चाळतो आणि वर्तमानपत्र चाळणारा एक दिवस पुस्तक घरी नेतो.

हे मनोराज्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने याच मातीचा इतिहास उघडून पाहावा. पलसाणा तालुका हा एके काळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. त्या संस्थानाच्या गादीवर बसलेले महाराज सयाजीराव गायकवाड हे मालेगावजवळच्या कवळाणे गावचे शेतकऱ्याचे पोर. वयाच्या बाराव्या वर्षी, 1875 साली, ते गादीवर आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या राजाने 1906 साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आणि शिकलेला मनुष्य पुस्तकावाचून पुन्हा निरक्षर होतो हे ओळखून 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले; त्यात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र व्यवस्था झाली. खेड्यापाड्यांत ग्रंथालये निघाली. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई. गावकऱ्यांनी ती वाचावी, परत करावी, दुसरी मागवावी. वाहतुकीचा भार संस्थान सोशी. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाचे आणि सिनेमाचे खेळ गावोगाव होत. गुजरातेत मोतीभाई अमीन यांच्यासारख्या निष्ठावंत शिक्षकाने ही चळवळ घरोघर पोहोचवली.

या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग होता तो पैशाचा. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी जेवढी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच संस्थानाने. तिघांचा वाटा सारखा. यात लोकांना भीक नव्हती आणि सरकारला पळवाटही नव्हती. लोकांनी पहिला रुपया टाकला की उरलेले दोन टाकणे सरकारला भाग पडे. मराठी राजा, गुजराती प्रजा आणि अमेरिकन ग्रंथपाल यांनी मिळून शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी जे करून दाखवले, ते स्वतंत्र भारतातील दोन संपन्न राज्यांना आज अवघड का वाटावे?

आम्ही सीमाभागातील लोक वाचनालयाची किंमत जाणतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचे. सुरतेची अँड्र्यूज लायब्ररीही त्याच 1850 सालची आहे. अक्षराची ही जाग दोन्हीकडे एकदमच आली होती. भारतातला सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा 1945 साली झाला, तो कोल्हापूर संस्थानात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमच्या मस्तकावर परक्या भाषेचे राज्य लादले गेले. तेव्हापासून शाळा, कचेऱ्या, रस्त्यावरच्या पाट्या यांतून मराठी मागे रेटली जात असताना तिला हक्काची जागा उरली ती प्रामुख्याने वाचनालयात. कर्नाटकाच्या 1965 च्या कायद्याने मालमत्ताकरावर ग्रंथालयाचा उपकर बसवला आहे. तो बेळगावचा मराठी घरमालकही भरतो. मग त्या पैशातून मराठी पुस्तके मागणे ही याचना कशी? तो चोख हिशेब आहे, आणि तो आम्ही मागतच राहू.

येथे एका आक्षेपाचा समाचार घेतला पाहिजे. ‘तुम्ही बेळगाव महाराष्ट्रात मागता, मग उद्या सुरतही मागाल काय?’ असा खोचक प्रश्न विचारणारे आहेत. त्यांना आमचे उत्तर स्वच्छ आहे. खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा या पाटसकर सूत्राच्या चार कसोट्यांवर आमची मागणी उभी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या कसोट्यांना उतरतात. कडोदरा उतरत नाही. तेथला मराठी माणूस पोटासाठी गेला, गुजरातने त्याला काम दिले. ते गाव गुजरातचे आहे आणि राहील. आमचा लढा न्यायाचा असल्यामुळेच त्याची मर्यादा आम्हांला ठाऊक आहे. परंतु जेथे विलीनीकरणाचा प्रश्न संपतो, तेथे भाषेचा प्रश्न संपत नाही. संविधानाच्या 29 व्या अनुच्छेदाने भाषा जतन करण्याचा जो हक्क प्रत्येक समूहाला दिला, तो भूमीच्या मालकीवर अवलंबून ठेवलेला नाही. 350-अ या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याची जी जबाबदारी राज्यांवर टाकली, ती कर्नाटकावर जितकी आहे तितकीच गुजरातवर आणि तितकीच महाराष्ट्रावरही आहे. मुंबईत गुजराती वाचकाला जे मिळावे असे आम्ही म्हणतो, तेच कडोदऱ्यात मराठी वाचकाला मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.

मराठी वाचनालयामुळे मराठी माणूस गुजराती समाजापासून तुटेल, ही भीतीही निराधार आहे. बेळगावशेजारच्या बेळगुंदीशी नाते असलेले काकासाहेब कालेलकर गुजराती गद्याचे मानदंड ठरले. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. आपली भाषा विसरल्यामुळे ते तसे झाले नाहीत. ती पक्की होती म्हणून दुसरीच्या अंगणात ते निःशंक वावरले. खानदेशाच्या अमळनेरमध्ये मुले घडवणाऱ्या साने गुरुजींनी ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहिले, ते याच भावनेने: प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना ओळखावे. जळगावचे जुने वाचनालय वल्लभदास वालजी या गुजराती वळणाच्या नावाने ओळखले जाते आणि पिढ्यान् पिढ्या मराठी वाचक तेथे बसून वाचीत आले आहेत. त्या ऋणाची फेड कडोदऱ्यात एका गुजराती-मराठी वाचनालयाने झाली, तर दोन्ही भाषा उजळतील. त्याच खोलीत उडिया आणि हिंदी पुस्तकांचीही एकेक फळी असू द्या. शेजारच्या खोलीत राहणारा कामगार वाचनालयातही शेजारी बसला पाहिजे.

‘आता मोबाइलच्या जमान्यात वाचतो कोण?’ हा दुसरा आक्षेप. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, हे खरे. पण त्यात काय पाहावे हे तो ठरवतो, आणि ज्या भाषेची मागणी मोठी त्या भाषेचाच मारा तो करतो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण राहत असताना अभ्यासाला जागा मोबाइल देत नाही. अर्ज चुकला तर तो दुरुस्त करून देत नाही. ज्या समाजाला चार माणसे एकत्र बसायला जागा नाही, तो समाज कितीही मोठा असला तरी विखुरलेलाच राहतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सत्कार झाले, हार पडले, भाषणे झाली. त्या मानाचे आम्हांलाही मोल आहे. पण दोन हजार वर्षांच्या परंपरेचा अभिमान वाहणाऱ्या भाषेला गिरणीकामगाराच्या मुलापर्यंत एक गोष्टीचे पुस्तक पोहोचवता येऊ नये, याला काय म्हणावे? अभिजातपणाचा निधी चर्चासत्रांत आणि स्मरणिकांत जिरणार असेल, तर तो मान मुंबईतच राहील. नवापूरच्या फलाटावरची रेषा तो ओलांडणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. कडोदऱ्याच्या नगरपालिकेने आणि गुजरात सरकारने सर्व भाषांच्या कामगारांसाठी एक उजेडाची खोली द्यावी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा गुजरातनेही 2001 साली केला आहे, त्याचा हात या खोलीपर्यंत पोहोचावा. महाराष्ट्र सरकारने बडोद्याची फिरती पेटी पुन्हा सुरू करावी. नंदुरबारहून दर तीन महिन्यांनी मराठी पुस्तकांची एक पेटी या पट्ट्यातल्या गावांना धाडावी, जुनी परत न्यावी. सीमाभागातल्या आणि राज्याबाहेरच्या मराठी वाचनालयांना अनुदान देणे हे उपकार नसून 1960 साली मराठी भाषकांचे राज्य म्हणून जन्मलेल्या सरकारचे कर्तव्य आहे.

तिसरी मागणी आमच्याच माणसांकडे आहे. कडोदऱ्याच्या मराठी बांधवांनो, सरकारची वाट पाहत बसू नका. बेळगावची लढाई आम्ही कोणाची परवानगी घेऊन सुरू केली नव्हती. गणपतीच्या मंडपाला, शिवजयंतीच्या मिरवणुकीला तुम्ही हात सैल सोडून वर्गणी देता. त्या वर्गणीतला चौथा हिस्सा पुस्तकांसाठी काढा. एक कपाट घ्या, एक वर्तमानपत्र लावा, पाळीपाळीने दोघे जण बसा. सयाजीरावांच्या हिशेबातला लोकांचा वाटा आधी टाका; मग उरलेले दोन वाटे मागायला आमची लेखणी तुमच्याबरोबर आहे.