विश्लेषण : विद्यापीठ बदललं तर टीमचं काय? नंदुरबारच्या खेळाडूंसाठी अलास्काचा धडा

अमेरिकेत एखाद्या कॉलेजच्या हॉकी टीमने 'कॉन्फरन्स' बदलली की ती मोठी बातमी होते. मिनेसोटातल्या सेंट थॉमस विद्यापीठाने २०२६-२७ पासून सीसीएचए ही कॉन्फरन्स सोडून एनसीएचसीमध्ये जाण्याचं जाहीर केलं, तेव्हाही तसंच झालं. ही हॉकी बर्फावरची, पण त्यामागचा प्रश्न नंदुरबारच्या कॉलेजांनाही लागू होतो : आपली टीम कोणाशी खेळणार, किती लांब जाऊन खेळणार आणि हे ठरवणार कोण?

कॉन्फरन्स म्हणजे नेमकं काय?

दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या ठरावीक कॉलेजांचा गट म्हणजे कॉन्फरन्स. गट बदलला की प्रतिस्पर्धी बदलतात, प्रवास बदलतो आणि खर्चही बदलतो.

आपल्याकडे कॉलेज आपला गट निवडत नाही. संलग्नता ज्या विद्यापीठाची, गटही त्याचाच. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. हा संघ भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय स्पर्धेत उतरतो. महाराष्ट्र पश्चिम विभागात येतो. तिथे चांगली कामगिरी झाली तर पुढे राष्ट्रीय पातळी आणि 'खेलो इंडिया'च्या विद्यापीठ स्पर्धेचा रस्ता खुला होतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथे खेळाडू कोणत्या पातळीवर खेळला, हे पाहिलं जातं. म्हणून हा मुद्दा केवळ हौसेचा नाही.

नंदुरबारने गट कधी बदलला?

एकदा बदलला आहे. जिल्हा तेव्हा धुळ्याचाच भाग होता आणि इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि ती तिकडे आली. २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं.

खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर हा मोठा दिलासा होता. पुणे रस्त्याने चारशे किलोमीटरच्या वर. जळगाव रेल्वेने साधारण दीडशे. शिवाय पुण्या-नाशिकच्या मोठ्या कॉलेजांशी एकाच संघातल्या जागेसाठी झगडावं लागणं थांबलं.

मग आज हा विषय कशाला?

कारण संलग्नतेची व्यवस्थाच बदलते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ही पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचं म्हटलं आहे. मुंबईत त्याच्या आधीच सुरुवात झाली. एल्फिन्स्टन, सिडनहॅमसारखी जुनी कॉलेजं मुंबई विद्यापीठातून बाहेर पडून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ या समूह विद्यापीठात गेली. आदिवासी विद्यापीठाची चर्चाही राज्यात अधूनमधून होते. उद्या नंदुरबारची कॉलेजं वेगळ्या छताखाली गेली तर त्यांच्या टीमचा गटही आपोआप बदलेल. अशा चर्चेत अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. मैदानाचा विषय सहसा शेवटी येतो.

छोटं विद्यापीठ खेळाडूसाठी चांगलं की वाईट?

दोन्ही. हिशोब सोपा आहे. एका खेळात विद्यापीठाचा एकच संघ जातो. विद्यापीठ लहान असेल तर त्या संघात शिरण्याची संधी वाढते. २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं, २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ. तिथल्या मुलांसाठी विद्यापीठाच्या जर्सीची स्वतंत्र संधी तयार झाली.

पण हॉकीला अकरा जण लागतात, बदली खेळाडू वेगळे. मोठ्या स्पर्धा कृत्रिम टर्फवर होतात. मोजक्या कॉलेजांतून संघ उभा केला, सराव मातीवर केला आणि थेट विभागीय स्पर्धेत उतरवला, तर पहिल्याच सामन्यात परतीचं तिकीट काढावं लागू शकतं. जर्सी मिळते, खेळ मात्र वाढत नाही.

अलास्काचा धडा काय?

२०१९ मध्ये डब्ल्यूसीएचए या जुन्या कॉन्फरन्समधून सात कॉलेजांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि २०२१ पासून ती वेगळी खेळू लागली. मागे उरली अलास्कातली दोन आणि अलाबामातलं एक. तिन्ही बाकीच्यांपासून खूप लांब. अलाबामाच्या हंट्सव्हिलची टीम २०२१ मध्ये थांबली. अँकरेजची टीम बंद करण्याचा निर्णय झाला होता. समर्थकांनी तीस लाख डॉलर उभे केले, तेव्हा ती २०२२ मध्ये पुन्हा खेळू लागली.

गट बदलतात तेव्हा सर्वांत लांबचा गडी सर्वांत आधी बाहेर पडतो. आपल्या नकाशात ती जागा धडगाव, मोलगी आणि अक्कलकुव्याची आहे.

नंदुरबारने काय मागावं?

माझ्या मते 'कोणतं विद्यापीठ' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, वर्षाला सामने किती. बाद पद्धतीत एक हार झाली की वर्ष संपतं. सातपुड्यातून निघालेली मुलगी दिवसभराचा प्रवास करून एक सामना हरते आणि घरी येते. एवढ्यावर कोणी खेळाडू होत नाही. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर इथल्या कॉलेजांत साखळी सामने ठेवले तर नवीन कायदा लागत नाही, नवीन विद्यापीठही लागत नाही.

दुसरं, तारखा. दिवाळीनंतर जिल्ह्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात, काही मुलंही सोबत जातात. निवड चाचणी त्यानंतर ठेवली तर चांगले खेळाडू गावातच नसतात. साखळी पावसाळा संपता संपता सुरू करून दिवाळीपूर्वी संपवता येईल.

तिसरं, सुरत. रेल्वेने सुरत नंदुरबारहून जवळपास जळगावइतकंच लांब आहे. राज्याची हद्द संलग्नतेला आडवी येते, मैत्रीपूर्ण सामन्याला येत नाही. मोठ्या शहरातल्या संघांशी खेळल्याशिवाय आपण कुठे आहोत, हे कळत नाही.

चौथं, अंतिम फेऱ्यांचं यजमानपद फिरतं हवं. दरवेळी नंदुरबारनेच का प्रवास करायचा? आणि प्रवास भत्ता सगळ्यांना सारखा न देता अंतरानुसार द्यावा.

या चार गोष्टी आजच्या विद्यापीठातही होऊ शकतात. त्या झाल्या नाहीत, तर नव्या विद्यापीठात फक्त जर्सीवरचं नाव बदलेल. आणि संलग्नता बदलण्याचा प्रस्ताव खरोखरच समोर आला, तर त्या बैठकीत कॉलेजचे क्रीडा संचालक आणि निदान एक खेळाडू बसलेला असावा, ही मागणी प्राचार्य आणि पालक आत्तापासूनच करू शकतात.