डोळ्यात चुना गेला तर...

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावत माझ्या दवाखान्यात आला. पोराने आजोबांची चुन्याची ट्यूब दाबली नि चुना डोळ्यात उडाला. दीड तास उलटून गेला होता. ‘डोळा धुतला का?’ असे विचारताच बाप म्हणाला, ‘नाही डॉक्टरसाहेब, चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो. पोराचा डोळा शिजला असता!’

बापाचे निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र चुकला. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना, म्हणजेच कॅल्शियम ऑक्साइड. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो कळी मिळते. तिच्यावर पाणी घातले की ती खदखदते. घराला सफेदी करताना हे अनेकांनी पाहिले असेल.

परंतु तंबाखूच्या डबीतला किंवा ट्यूबमधला चुना आधीच भिजवलेला असतो. त्याची उष्णता केव्हाच निघून गेलेली असते. उरते ती त्याची दाहकता. हा तीव्र अल्कली पेशींची आवरणे विरघळवत डोळ्यात खोल शिरतो. पापणीखाली कण राहील तोवर हा दाह चालूच राहतो.

म्हणून वाचकहो, चुना डोळ्यात गेला की क्षणही न दवडता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी. दिसणारे कण ओल्या स्वच्छ फडक्याने टिपावेत. सफेदीच्या वेळी कोरडी कळी उडाली, तर आधी खडे चटकन झटकावेत, मग भरपूर पाणी वापरावे. थोडे पाणी कळीला तापवते, भरपूर पाणी ती उष्णता वाहून नेते. लिंबू, तूप, दूध, मध यांतले काहीही घालू नये. त्यानंतर थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा.

त्या मुलाचा डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. घरातला पाण्याचा माठ दहा पावलांवर होता.

कीटकनाशकाची बाटली आपण पोरांपासून दूर ठेवतो. चुन्याची डबी मात्र उशाशी पडलेली असते. ती आजच उंच फळीवर ठेवा. तंबाखूच सोडलीत, तर डबीची गरजच उरणार नाही!