व्रताची थाळी आणि अस्वाद

नवरात्र जवळ आले की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधील उपाहारगृहांत ‘व्रत की थाली’च्या पाट्या झळकतात. कुट्टूच्या पुऱ्या, साबुदाण्याचे वडे, मखान्याची खीर! नियम पाळला जातो. जीभ मात्र मोकळीच राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार दिल्लीतील ४१.३ टक्के स्त्रिया व ३८ टक्के पुरुष अतिवजनी वा लठ्ठ आहेत.

या सर्वांना खाण्याचे व्यसन आहे, असे मुळीच नाही. पण ज्यांना ते आहे, त्यांची अडचण मला मद्यपीपेक्षाही बिकट वाटते. मद्य कायमचे सोडता येते. अन्नाशी रोजच गाठ. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली ‘ओव्हरईटर्स ॲनॉनिमस’ ही चळवळ म्हणूनच अन्न नव्हे, तर अनावर खाणे वर्ज्य मानते, आणि त्यासाठी अध्यात्माचा आधार घेते. गांधीजींनी १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत ‘अस्वाद’ हे स्वतंत्र व्रतच सांगितले आहे: अन्न औषधासारखे, देहाच्या गरजेपुरते घ्यावे. उपवासाला पारणे असते, अस्वादाला नसते.

मात्र गरजेपुरते घ्यायचे तर पाकिटात काय आहे, हे कळायला हवे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो ठळक इशाऱ्याचा नव्हे, तारांकनाचा. चिप्सच्या पाकिटावर अर्धा तारा छापला, तरी ग्राहकाला तो शाबासकीच वाटणार. संयम ज्याचा त्याने राखावा, हे मान्य. साखर-मिठाचा इशारा पाकिटाच्या दर्शनी भागावर छापून घेणे हे प्राधिकरणाचे काम आहे.