‘तांत्रिक’ कोणाला म्हणायचे?

महाड परिसरातल्या महाविद्यालयात सभासदाची बखर शिकवणे सोपे आहे आणि अवघडही. सोपे अशासाठी की, बखरीत ज्या गडाचे वर्णन येते त्या गडाच्या पायथ्याची मुले समोरच्या बाकांवर बसलेली असतात. अवघडही त्याचमुळे. या मुलांना रायगड पाठ्यपुस्तकाच्या आधी भेटलेला असतो. आजीच्या तोंडून, शिमग्याच्या पालखीतून, अलीकडे मोबाईलवरून. मास्तर त्यानंतर येतो.

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात राज्याभिषेकाचा भाग वाचून झाला आणि पाचाडकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, दुसरा राज्याभिषेक यात का नाही? सभासदाला माहीत नव्हता, की मुद्दाम गाळला?” तिच्या हातात कुठल्याशा पत्रकाची झेरॉक्स होती. मी म्हणालो, “तो भाग परीक्षेला नाही.” वर्ग हसला, मुलगी खाली बसली, तास संपला. प्राध्यापक-कक्षात एका सहकाऱ्यांनी माझे अभिनंदनच केले. बरे केलेत, म्हणाले, उगाच नसता वाद. अठरा-वीस वर्षांच्या अध्यापनात मी बरीच चुकीची उत्तरे दिली असतील. पण चूक नसलेले हे उत्तर मला अजून सलते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, उशिरा का होईना, उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

आधी माहितीचा भाग. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली झालेला राज्याभिषेक सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे २४ सप्टेंबरला, निश्चलपुरी गोसावी यांनी रायगडावर महाराजांना पुन्हा एक अभिषेक केला. तो तांत्रिक पद्धतीचा होता. तिथी ललितापंचमीची, देवीच्या उपासकाने नवरात्रातला हा दिवस निवडावा हे स्वाभाविकच. या विधीची माहिती आपल्याला मुख्यत्वे एका ग्रंथातून मिळते. ‘शिवराजराज्याभिषेककल्पतरु’ हे त्याचे नाव. अनिरुद्ध सरस्वतींच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ निश्चलपुरी आणि गोविंदभट्ट यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्याची हस्तलिखित प्रत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत होती आणि जदुनाथ सरकारांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

ग्रंथाचे म्हणणे थोडक्यात असे : गागाभट्टांनी वेदोक्त विधी केला खरा, पण स्थानिक व लहान दैवतांना, गोसावी-तांत्रिकांच्या इष्टदेवतांना त्यात स्थान दिले नाही. म्हणून अपशकुन झाले. गागाभट्टांच्या नाकावर लाकूड पडले, पुरोहित बाळंभट्टांच्या डोक्यावर खांबावरचे लाकडी कमळ कोसळले, अशी एक यादीच ग्रंथकार देतो. राज्याभिषेकानंतर अकराव्या दिवशी, १७ जूनला, पाचाडला जिजाऊंचे निधन झाले, तेही तो याच हिशेबात धरतो. मग महाराजांनी निश्चलपुरींना पाचारण केले आणि राहिलेले पुरे करून घेतले.

या ग्रंथाचे आपण मराठी माणसांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. एका वर्गाने त्याला अडगळीत टाकले. दक्षिणा हुकलेल्या गोसाव्याची कुरकुर, यापलीकडे त्यात काही नाही, असा एकूण सूर. विवेकी, व्यवहारदक्ष राजाच्या चरित्रात मंत्र-तंत्र-बळी हे प्रकरण शोभत नाही, ही त्यामागची न बोललेली अडचण. दुसऱ्या वर्गाने, विशेषतः कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणाची जखम ज्यांच्या मनात ताजी राहिली त्यांनी, हाच विधी खरा राज्याभिषेक मानला. शरद पाटलांसारख्या विचारवंताने शाक्त परंपरेत वर्णव्यवस्थेला नकार पाहिला आणि महाराजांच्या या निर्णयाला त्या नकाराचा अर्थ दिला. आज काही संघटना २४ सप्टेंबरला गडावर ‘शिवशाक्त राज्याभिषेक दिन’ साजरा करतात. जूनमध्ये तारीख की तिथी हा वाद असतोच. त्यात सप्टेंबरची भर पडली.

दुसऱ्या पक्षाचा राग मला समजतो. ज्या राजाला अभिषेकाआधी, वयाच्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, मुंज करून घ्यावी लागली, त्याच्या बाजूने कोणाला तरी राग यायलाच हवा. परंतु ग्रंथ वाचताना त्यांचेही एक गृहीत मला अडखळवते. निश्चलपुरी गागाभट्टांचे कर्म रद्द ठरवत नाहीत. ते अपुरे ठरवतात. पुरवणी जोडणे आणि मूळ कागद फाडणे यांत अंतर असते. महाराजांनी स्वतः पहिला विधी मोडीत काढल्याचे काही दिसत नाही. तेच सिंहासन, तेच छत्र, तोच शक. वेदोक्तही हवे आणि तंत्रोक्तही हवे, असे मानणारा माणूस सतराव्या शतकात विसंगत ठरत नव्हता. आजही कुठे ठरतो? आमच्या महाड-पोलादपूरच्या गावांत सत्यनारायण सांगणारे घर शिमग्याला पालखीपुढे नारळ फोडते, राखणदाराला कोंबडा देते आणि मोठे काम काढण्याआधी ग्रामदेवतेचा कौल लावते. यातल्या एकालाही आपण दोन धर्म पाळतो असे वाटत नाही. गडावरची दैवते म्हटली की मला प्रथम शिर्काई आठवते. तिचे देऊळ जगदीश्वराच्या देवळापेक्षा किती लहान! पण गडावर जाणाऱ्या गावच्या बाईचा हात तिच्यापुढे आधी जोडला जातो.

आणि ‘तांत्रिक’ व ‘वैदिक’ यांच्यामध्ये जी भिंत आपण पाहतो ती तेव्हा कितपत होती, हाही प्रश्नच. गागाभट्टांच्या प्रयोगात विनायकशांती आहे, ऐंद्रीशांती आहे, ग्रहांची पूजा आहे. अनिष्ट टाळण्यासाठी केलेले ते विधीच आहेत. एका ब्राह्मणाने केले की ती ‘शांती’ आणि गोसाव्याने केले की ते ‘जंतरमंतर’, हा भेद कृतीत नसून करणाऱ्याच्या प्रतिष्ठेत आहे.

असाच पेच अगदी दूरच्या, अमेरिकेतल्या एका पंथाच्या इतिहासातही पडला, तो येथे सांगण्याजोगा आहे. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ १८२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात वाढला. तिथे पुरलेले धन शोधण्यासाठी ‘दिव्य दगड’ वापरणारे लोक होते, आणि तरुण स्मिथही त्यांपैकी एक होता. दगड टोपीत ठेवायचा, टोपीत तोंड घालायचे आणि काय दिसते ते सांगायचे. १८३० साली त्याने ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध केले. त्याच्या विरोधकांनी लगेचच, १८३४ साली, या धनशोधाच्या साक्षी छापून त्याला भोंदू ठरवले. आरोप म्हणून पुढे आलेली ही गोष्ट श्रद्धाळूंनी पुढे दीडशे वर्षे एक तर नाकारली, नाही तर टाळली. १९८० च्या दशकात मार्क हॉफमन नावाच्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्याने नेमकी याच विषयावरची बनावट पत्रे विकली. ज्यांना असा पुरावा हवा होता तेही फसले आणि ज्यांना तो नको होता तेही. १९८७ मध्ये मायकेल क्विन या मॉर्मन इतिहासकाराने मोठा ग्रंथ लिहून दाखवले की दगड, ताईत, ग्रहांचे यंत्र हे सगळे त्या काळच्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांचा नित्याचा व्यवहार होते. त्यात श्रद्धेला बाधा आणणारे काही नव्हते. त्या पंथाने १९९३ मध्ये क्विनला बहिष्कृत केले, अर्थात त्याच्या इतर लेखनासह सगळ्याचा हिशेब करून. आणि २०१५ मध्ये त्याच पंथाने आपल्या जतन केलेल्या दगडाची छायाचित्रे स्वतःहून प्रसिद्ध केली. क्विन २०२१ मध्ये वारला, तोपर्यंत बहिष्कृतच.

महाराज धर्मसंस्थापक नव्हते, राजे होते. तेव्हा ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. मला तिच्यातली एकच गोष्ट हवी आहे. एखाद्या गोष्टीची पहिली नोंद आरोप म्हणून झाली, की नंतरचे सगळे वाचन त्या आरोपाच्या बाजूने किंवा विरुद्ध होते. तिचा तिच्या काळातला साधा अर्थ मध्येच कुठे तरी हरवतो.

आमच्याकडे याचे सर्वांत क्रूर उदाहरण निश्चलपुरी नव्हेत, कवी कलश आहेत. प्रयागकडचा हा कनोजी ब्राह्मण, संभाजी महाराजांचा छंदोगामात्य. बखरींनी त्याचा ‘कलुशा कब्जी’ केला. हा मांत्रिक, याने चेटूक करून राजाला भुलवले, राज्य बुडवले, ही कथा कितीएक पिढ्यांना खरी वाटली. तिचा ठळक लेखक मल्हार रामराव चिटणीस. तो लिहितो ते शंभराहून अधिक वर्षांनी. आणि ज्या बाळाजी आवजींना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला त्यांचा हा वंशज. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली आणि कमल गोखले यांनी १९७१ साली संभाजी महाराजांची साधार चरित्रे लिहिली, तेव्हा कुठे ही काजळी निघू लागली. १ फेब्रुवारी १६८९ ला संगमेश्वरी राजाबरोबर पकडला गेलेला आणि राजाबरोबरच हाल सोसून मेलेला हा माणूस. त्याच्यावर दगलबाजीचा आरोप करणाऱ्यांनाही त्याच्या मरणाचे स्पष्टीकरण कधी देता आले नाही.

आता दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. वडिलांनी गोसाव्याकडून तांत्रिक अभिषेक करून घेतला, तर इतिहास मौन पाळतो. मुलाच्या दरबारातला कवी शाक्त असल्याचा संशय आला, की राज्य बुडण्याचे कारण सापडते. तंत्र तेच. वडील विजयी होते आणि मुलगा पकडला गेला, एवढाच फरक. शिवाय कलश परप्रांतीय. मराठी इतिहासलेखनात ‘तांत्रिक’ हा शब्द वर्णन करण्यासाठी कमी आणि शिक्षा देण्यासाठी जास्त वापरला गेला आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी अनेक वर्षांच्या बखरवाचनानंतर मांडतो आहे.

या निकालाला एक तिसरा साक्षीदार आहे. तो आमच्याच पोलादपुरात झोपला आहे. ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूरला आहे, प्रतापगडच्या भवानीकडे जाणारी घाटाची वाट तिथूनच वर चढते. नेवाश्याचे हे पंडित आग्र्याच्या प्रकरणात महाराजांबरोबर होते. त्यांचे अपुरे राहिलेले काव्य सदाशिव महादेव दिवेकरांनी १९२७ मध्ये मराठीत आणले. ते शिवचरित्राचे अस्सल साधन म्हणून सर्वांना मान्य, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्याच घराण्यात, पुत्र देवदत्त आणि नातू गोविंद यांनी पुढे लिहिलेल्या आणि १९५२ मध्ये बडोद्याहून गो. सं. सरदेसायांनी संपादित केलेल्या काव्यात, संभाजी महाराजांनी शृंगारपूरला करून घेतलेल्या कलशाभिषेकाचा भाग येतो. तो शाक्त वळणाचा विधी आहे. म्हणजे जे घराणे शिवाजी महाराजांचे अधिकृत चरित्र गाते, तेच घराणे हे प्रकरणही काव्यात घालते. त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. लपवण्याची गरज आपल्याला वाटली, आणि ती बहुधा एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या आणि सुधारकांच्या नजरेने आपण आपल्याच देव्हाऱ्याकडे पाहू लागलो तेव्हापासून.

याचा अर्थ ‘कल्पतरु’ जसाच्या तसा खरा मानावा असा नाही. तो एका पक्षाचा ग्रंथ आहे. निश्चलपुरींचा मोठेपणा आणि गागाभट्टांची चूक दाखवणे हे त्याचे उघड प्रयोजन आहे, आणि लाकूड नेमके भट्टांच्याच नाकावर पडावे यात कथनकाराचा आनंद लपत नाही. (मला तर ते वाचताना हसू आवरले नव्हते.) अपशकुनांच्या गोष्टी बाजूला ठेवाव्यात, पण ज्या तक्रारीसाठी त्या रचल्या ती तक्रार जपून ठेवावी. काशीहून आलेल्या विद्वानाने इथल्या डोंगरातल्या देवांना विचारले नाही, ही ती तक्रार. ती करणारा गोसावी स्वार्थी असला म्हणून ती खोटी होत नाही. कोणाला विधीत जागा आणि कोणाला नाही, हा प्रश्न महाडला काही नवा नाही. १९२७ च्या मार्चमध्ये तो चवदार तळ्यावर विचारला गेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मनुस्मृतीच्या ज्वाळांत. त्या प्रश्नाची आणि गोसाव्याच्या तक्रारीची जात एक नव्हे. गोसावी आपल्या देवतेसाठी बोलत होता, स्वतःसाठीही. पाण्यापासून दूर ठेवलेल्या माणसासाठी नव्हे. शाक्त विधीला थेट समतेचा जाहीरनामा मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

त्या मुलीला मी काय सांगायला हवे होते? सभासदाने बखर १६९७ मध्ये जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, बऱ्याच अंशी आठवणीतून लिहिली. त्याने दुसरा अभिषेक का दिला नाही, याची निदान तीन कारणे संभवतात आणि त्यांतल्या एकाचाही पुरावा नाही. पहिला सोहळा देशोदेशीच्या लोकांसमोर झाला, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेनही हजर होता. दुसरा आटोपशीर असावा. दोन्ही मागे-पुढे वाचायचे असतील तर ग्रंथालयात कुठल्या फळीवर बघ, एवढे तरी सांगता आले असते. आणि तिच्या हातातली ती झेरॉक्स मागून घेऊन, त्यात कोणते विधान कोणत्या ग्रंथातून आले आहे आणि कोणते कुठूनच आलेले नाही, हे तिच्याबरोबर बसून पेन्सिलने खुणावता आले असते. त्याला फार तर एक तास लागला असता.