डावा हात, उजवं रिव्हॉल्व्हर

डावखुऱ्यांची जमात तशी सोशिक. कॉलेजातली हातावाली खुर्ची उजव्यांची, कात्री उजव्यांची, ऑफिसातला माऊस उजवीकडे आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला डावा हात पुढे केला की आजीचे डोळे मोठे. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो हे कळलं तेव्हा शाळेत आम्हाला केवढा आधार वाटला होता! (बॅटिंग तो उजव्या हाताने करतो, हे आम्ही सोयीस्करपणे विसरायचो.)

असं सगळं ॲडजस्ट करत दिवस छान चाललेले असतात. पण गेल्या महिन्यात एका मित्राने जो प्रश्न टाकला, त्याने मीही गार पडलो. गडी मूळचा खामगावचा, बुलढाणा जिल्ह्यातला. घरी चांदीचा जुना व्यवसाय, स्वतः मात्र पुण्यात आयटीत. वडिलांकडे परवान्याचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर. "बाबा म्हणते, आता सत्तरी आली, तूच नावावर करून घे. पण मी पडलो डावखुरा. ते चालवायचं कसं? का दुसरं घेऊ?"

आता बोला! मोबाइल कुठला घेऊ, बाइक कुठली घेऊ, हे प्रश्न या कॉलमला नवे नाहीत. हा होता.

प्रश्न वाटतो तितका जगावेगळाही नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं असलं, की कायदेशीर वारसाच्या नावावर परवाना मागता येतो. म्हणजे जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांच्या घरी कपाटात पडून असलेली रिव्हॉल्व्हरं हळूहळू आपल्या पिढीच्या दारात येणार. आणि आपली पिढी असते हिंजवडीत, खराडीत, तीन जणांच्या शेअरिंग फ्लॅटमध्ये.

पहिला गैरसमज इथेच काढून टाकू. हॉलिवूडच्या सिनेमात आणि तिकडच्या मासिकांत 'कन्सील्ड कॅरी' म्हणून जो प्रकार दिसतो, तो आपल्याकडे नाही. अमेरिकेत आता निम्म्याहून जास्त राज्यांत हँडगन कपड्यांखाली लपवून बाळगायला वेगळं परमिटही लागत नाही. तिथला डावखुरा ग्राहक दुकानात जाऊन दहा मॉडेलं हाताळतो. ग्लॉकने २०१० साली आणलेल्या चौथ्या पिढीच्या पिस्तुलांत मॅगझिनचं बटण उजवीकडून डावीकडे फिरवता येतं. २०१७ च्या पाचव्या पिढीत तर स्लाइड अडवणारा खटकाही दोन्ही बाजूंना दिला. वाचून तोंडाला पाणी सुटेल, पण ९ एमएम हे बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. विषय संपला.

आपल्या हाती उरतं ते मुख्यतः ०.३२. त्यातही निवड किती? सरकारी कानपूरची रिव्हॉल्व्हरं, त्याच बोअरचं सरकारी पिस्तूल, आणि २०२० पासून उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात बनू लागलेलं वेब्ली अँड स्कॉटचं रिव्हॉल्व्हर. शोरूम म्हणावी अशी परिस्थिती नाही. एक ड्रॉवर म्हणा फार तर.

पण गंमत बघा, डावखुऱ्याला या छोट्याशा ड्रॉवरमध्येही निवडीला वाव आहे.

आधी पिस्तूल. पिस्तूल उजव्या हातात धरलं की अंगठा येतो डाव्या बाजूला. म्हणून जुन्या घडणीच्या बहुतेक पिस्तुलांत सेफ्टीचा खटका डाव्या बाजूलाच असतो, नेमका उजव्या अंगठ्याखाली. डाव्या हातात धरलं की अंगठा उजवीकडे, खटका पलीकडे! मग एक तर दुसरा हात मदतीला आणा, नाहीतर पकड सैल करून बोट वळवा. आणि घाबरलेल्या माणसाला दोन्ही सुचत नाही. उडालेलं रिकामं काडतूस उजवीकडे फेकलं जातं, म्हणजे डावखुऱ्याच्या नजरेसमोरून जातं. त्याची सवय होते. खटक्याची सवय करून घेणं मात्र अवघड, कारण चूक झाली की दोनच शक्यता: हवं तेव्हा गोळी सुटत नाही, किंवा नको तेव्हा सुटते. माझं मत विचाराल तर डावखुऱ्याने जुन्या घडणीच्या पिस्तुलाच्या वाटेला जाऊ नये.

रिव्हॉल्व्हरला हा हाताने लावायचा सेफ्टीचा खटका सहसा नसतोच. काडतूसही बाहेर फेकलं जात नाही, चक्रातच राहतं. ट्रिगर मधोमध, त्याला डावं-उजवं कळत नाही. प्रश्न येतो तो उघडताना आणि भरताना.

आणि इथे मला सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट सापडली. कानपूरचं जुनं ०.३२ हे वेब्लीच्या धाटणीचं, म्हणजे बिजागरीवर मधोमध मोडणारं. नळी खाली झुकते, चक्र वर येतं आणि सहाच्या सहा रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. २०१४ साली आलेलं 'निर्भीक' याच जातीचं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली होती. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार, ज्यावरून बरीच चर्चाही झाली. या घडणीत कुलपाची कळ डाव्या बाजूला आहे खरी, पण ती सोडली तर बाकी सगळं सरळ रेषेत. डावखुऱ्याने रिव्हॉल्व्हर डाव्या हातातच ठेवायचं, कळ उजव्या अंगठ्याने दाबायची, त्याच हाताने नळी खाली करायची आणि त्याच हाताने भरायचं. हात बदलायची भानगड नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' हे मात्र नव्या पद्धतीचं. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात तुकडे झाले, त्यातल्या कानपूरच्या कंपनीने ते काढलं. त्याचं चक्र बाजूला, डावीकडे उघडतं. जाहिरातीत याचं फार कौतुक, आणि उजव्या हातासाठी ते रास्तच आहे. डावखुऱ्याच्या बाबतीत चक्र उघडतं ते नेमकं ट्रिगरच्या बोटाच्या बाजूला. भरायचं तर रिव्हॉल्व्हर उजव्या हातात घ्या, भरा, पुन्हा डाव्यात आणा. अशक्य नाही, पण एक पायरी वाढली. थोडक्यात काय, तर नवं मॉडेल म्हणजे चांगलं, हा आपला मोबाइलवाला हिशेब इथे उलटा पडतो. साहेबाच्या काळातली जुनी घडण डावखुऱ्याला जास्त सोयीची. वडिलांचं ते जुनं ०.३२ विकून नवं घेण्याचा विचार मित्राने सोडून द्यावा, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

मात्र हाताच्याही आधी डोळा तपासायला हवा. दोन्ही हात लांब करून तळव्यांचा छोटा त्रिकोण करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना घड्याळ त्रिकोणातच राहतं, तो तुमचा नेमाचा डोळा. डावखुऱ्यांपैकी अनेकांचा तो उजवा निघतो. रायफलच्या बाबतीत ही डोकेदुखी, कारण दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला टेकवावा लागतो. हँडगनला मान किंचित वळवली की भागतं.

आणि हात काय, शिकवला की शिकतो. हंगेरीचा कारोली टाकाच हा सैनिक उजव्या हाताने पिस्तूल चालवणारा अव्वल नेमबाज. १९३८ साली हातात ग्रेनेड फुटून तो हात गेला. पठ्ठ्याने डाव्याने सराव केला आणि १९४८ ला लंडनला, १९५२ ला हेलसिंकीला ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. सांगलीच्या स्मृती मानधनाचा मूळ हात उजवा, बॅटिंग डावी. वर्षानुवर्षांचा सराव असला की मेंदू ऐकतो. वर्षातून एकदा कपाट उघडून तेलाचा हात फिरवणाऱ्याचा मेंदू कशाला ऐकेल?

आता होल्स्टर. ही गोष्ट सगळे शेवटी बघतात, खरं तर आधी बघायला हवी. तयार मिळणारं चामड्याचं होल्स्टर बहुतेक उजव्या कमरेचं. तेच डाव्या बाजूला लावलं की मूठ पुढच्या बाजूला येते आणि डाव्या हाताला मनगट मुरगळून काढावं लागतं, म्हणजे नळी स्वतःच्याच पोटावरून फिरते. हिंदी सिनेमातल्यासारखं पँटमध्ये खोचणं तर विसराच. डाव्या हाताचं होल्स्टर मुद्दाम शिवून घ्या. चामड्याचं काम करणारा चांगला कारागीर उजव्याचा नमुना उलटा करून देतो. ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे आणि मूठ हलता कामा नये, एवढं बजावून सांगा.

आणखी एक गोष्ट कुठल्याच अमेरिकन मासिकात सापडणार नाही. आपल्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, सीटबेल्टचा खटका त्याच्या डाव्या कमरेपाशी येतो. नेमका डावखुऱ्याच्या होल्स्टरवर. बेल्ट सोडताना हात कशाला लागेल याचा नेम नाही. शिवाय खामगाव-मलकापूरकडचा मे महिना ज्याने काढलाय त्याला विचारा, अंगावर पातळ सुती शर्ट सहन होत नाही, तिथे रिव्हॉल्व्हर झाकायला जॅकेट कोण घालणार? घाम लोखंडाला लागला की गंज ठरलेला.

बरं, नेणार कुठे? परवान्याच्या अटीतच लिहिलेलं असतं: जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. म्हणजे सैलानीची यात्रा बाद, शेगावची पालखी बाद, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीची गर्दी बाद. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणूक लागली की छाननी समिती बसते आणि अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये बुलढाण्यात एप्रिलला लोकसभेचं आणि नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं, म्हणजे एकाच वर्षात दोनदा ती धाकधूक. मित्राच्या वडिलांना मी फोनवर विचारलं, काका, कधी वापरायची वेळ आली का? म्हणाले, "कायची वेळ? ठाण्यात नेऊन देणं अन् घेऊन येणं, एवढाच त्याचा प्रवास."

आणि परवाना 'हवा' म्हणून मिळत नाही. वय २१ पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आणि गरज काय हे पटवणं. जो जिथे राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडे अर्ज. पुण्यात राहणाऱ्याने बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात ओळख आहे म्हणून जाऊन उपयोग नाही. या कटकटीला कंटाळून कुणी सातपुड्यापलीकडून येणाऱ्या देशी कट्ट्याची गोष्ट काढली, तर सरळ उठून चालू लागा. बिनपरवाना शस्त्र जवळ ठेवलं तर कमीत कमी दोन वर्षं आत, जास्तीत जास्त पाच. शिवाय कट्टा फुटला तर तो डावा हात बघत नाही की उजवा.

राहता राहिला शेअरिंग फ्लॅट. माझ्या मते मित्राची खरी अडचण डावा हात नाहीच, ही आहे. भिंतीत बसवलेली तिजोरी नाही, किल्ली चपलांच्या स्टँडमध्ये, रविवारी कोण कोण झोपायला येतं याचा पत्ता नाही. अशा घरात रिव्हॉल्व्हर आणणं म्हणजे दोन रूममेट्सना न विचारता भागीदार करणं. चांदीचं दुकान खामगावला आहे, धोका असलाच तर तिथे आहे, आणि हा आहे साडेचारशे किलोमीटरवर लॅपटॉपसमोर. दुकान बघणारी धाकटी बहीण तिथेच असते. वारस तीही आहे, हे मी त्याला विचारलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला. ती उजव्या हाताची आहे.

त्याला स्वतःला नेमबाजीचा किडा चावलाच असेल तर १० मीटर एअर पिस्तुलाकडे वळावं. ४.५ एमएमच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. आणि स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ चक्क डाव्या हाताची वेगळी मिळते, बोटांच्या खाचांसकट. ऑर्डर देताना फक्त 'लेफ्ट' लिहायला विसरायचं नाही.