कॉटर निघता निघेना

जुनी रॅले सायकल रंगवायला सुटी करायची म्हटलं, की चाकं, चेन, हँडल, सीट सगळं मुकाट्याने उतरतं. काम अडतं ते क्रँकपाशी. क्रँक आणि बॉटम ब्रॅकेटचा (बीबीचा) एक्सल यांच्यामध्ये जेमतेम करंगळीएवढी पोलादी पाचर ठोकलेली असते. हीच ती कॉटर. सालोसाल पावसाचं पाणी मुरून गंजलेली कॉटर भल्या भल्या मिस्त्र्यांना घाम फोडते.

बहुतेकांची फसगत तिच्या नटामुळे होते. नट आवळला की कॉटर घट्ट बसली, असा समज. प्रत्यक्षात नट नुसता राखणदार; भार पेलते ती पाचरीची तिरकी सपाट बाजू. पायडल मारणाऱ्याचा सगळा जोर तिच्यावर येतो. कॉटरचं लोखंड एक्सलपेक्षा मऊ, त्यामुळे एक्सलची कड हळूहळू तिच्यात रुतते आणि सपाट बाजूवर बारीकशी पायरी पडते. काढलेल्या कॉटरवरून अंगठा फिरवला तर ती हाताला लागते. अडवणूक करण्यात गंजाइतकाच तिचाही वाटा.

मग सुरू होते टकटक. हात राखून मारलेल्या पंचवीस टोल्यांनी कॉटर हलत तर नाहीच, वर आट्यांचं टोक चेपून पसरतं आणि ती भोकातून जायलाही तयार नसते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे नामांकित सायकल-मिस्त्री शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) यांचा भर असे तो क्रँकला खालून भक्कम आधार देण्यावर. ते अगदी बरोबर होतं. आधार नसेल तर अर्धा घाव सायकलच्या उसळण्यात जातो आणि उरलेला बीबीच्या छर्‍यांवर. छर्रे कपात खळगे पाडतात ते वेगळंच.

आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवावं. सकाळी नट सैल करून आट्यांच्या टोकाशी बरोबरीत आणावा, म्हणजे घाव आट्यांवर येत नाही. जाड लोखंडी नळीचा तुकडा जमिनीवर उभा करायचा आणि कॉटरचं डोकं नळीच्या तोंडात उतरेल अशी क्रँक त्यावर टेकवायची. नळीची लांबी अशी हवी, की सायकलचं वजन तिच्यावरच यावं. मग जड हातोड्याचा एकच घाव. पुरा, सरळ, मन घट्ट करून. परदेशात यासाठी खास प्रेस मिळतो. तो स्क्रूने दाबून कॉटर बाहेर ढकलतो. आपल्याकडे हातोड्यावरच भागतं.

तरीही हलली नाही, तर क्रँकला गॅसची धग द्यायची. पण क्रोमची निळाई होणार, हे धरूनच चालावं. शेवटचा उपाय ड्रिल: आट्यांचा भाग करवतीने कापायचा, मधोमध भोक पाडून कॉटर पोकळ करायची आणि पंचने ठोकायची.

फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटने १९३३ मध्येच बिनकॉटरची क्रँक आणली होती, तरी आपल्याकडच्या काळ्या रोडस्टर सायकलींनी कॉटर सोडली नाही. त्यामुळे नवी कॉटर मिळायला अडचण नाही, माप तेवढं जुळवावं. इंग्लिश बनावटीला ९.५ मिलिमीटरची लागते, जुन्या फ्रेंच सायकलींना बहुधा ९ ची. दोन्ही कॉटर उलटसुलट बसवायच्या. एकाच दिशेने घातल्या तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत. पहिल्या काही किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा ठोकून नट आवळून घ्यावेत.