कोर्स झाला, पुढं काय?

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या एसटीनं सेमाडोहला उतरलं, की चहाची टपरी, वन खात्याचे फलक आणि पलीकडं सिपना नदी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. मागल्या उन्हाळ्यात तिथं चहा घेत बसले होते. शेजारी बारावी झालेली एक कोरकू मुलगी आणि तिची आई. मुलीच्या हातात एक रंगीत पत्रक होतं, घडी घालून घालून मऊ पडलेलं. 'फायर अँड सेफ्टी, फक्त तीन महिने, शंभर टक्के नोकरी!' फी तीस हजार.

"ताई, हे करू का?" तिनं विचारलं.

"दो बकरी हैं घर में. और क्या बेचेंगे?" आई म्हणाली आणि रस्त्याकडं बघत बसली.

मला चटकन उत्तर देता आलं नाही. हो म्हणावं तर बकऱ्या जाणार, नाही म्हणावं तर मुलीचा हुरूप जाणार. ते उत्तर आज इथं लिहितेय, कारण अशी पत्रकं आता अचलपुरात, अकोटला, मूर्तिजापूरला, सगळीकडंच वाटली जातात.

मैत्रिणींनो, सुरक्षेचं क्षेत्र खोटं नाही. उलट ते आपलंच आहे. घरात गॅसचं बटन कोण बघतं? पाणी गाळून, उकळून कोण ठेवतं? फवारणीचे कपडे वेगळे धुवायचं कुणाच्या लक्षात राहतं? हेच काम पगारी झालं, की मात्र त्यावर पुरुषाचं नाव लागतं. अचलपूरच्या आमच्या मावशी तर स्पष्टच म्हणतात, "पोरीच्या जातीले आग इझवाचं काम कोन देते वो?"

मावशींना मी नागपूरच्या हर्षिणी कान्हेकरचं नाव सांगितलं. नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज १९५६ पासूनचं, पण तिथं पहिली मुलगी शिकायला गेली ती २००२ मध्ये. ती हर्षिणी. पुढं ओएनजीसीत अग्निशमनाची नोकरी केली. तिचा कोर्स काही वर्षांचा होता, पण राज्य अग्निशमन सेवेचा अग्निशामकाचा कोर्स सहा महिन्यांचाच आहे. आणि माणसं लागतात हो! ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली आणि दहा तान्ही बाळं गेली. ती बातमी वाचून त्या दिवशी कितीतरी घरांत चूल पेटली नसेल. महाराष्ट्राचा आगप्रतिबंधक कायदा २००६ चा. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा नीट चालते, याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. कायदा कागदावर होताच. यंत्रणा तपासणारी, वापरून दाखवणारी माणसं कमी पडतात.

मग पत्रकात खोट काय? खोट 'शंभर टक्के नोकरी' या तीन शब्दांत आहे. कारखान्यातला सेफ्टी ऑफिसर तीन महिन्यांत होत नाही. त्याला विज्ञानाची पदवी किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा लागतो आणि त्यावर औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं असाच कोर्स केला. आईनं कानातले मोडून फी भरली. मुलाखतीला गेल्यावर कळलं, की या प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही. संस्थेला फोन केला तर म्हणे, "पुढचा अ‍ॅडव्हान्स कोर्स करा." म्हणजे आणखी फी!

म्हणून फी भरायच्या आधी एकच करा. ज्या नोकरीसाठी हा कोर्स, त्या नोकरीची एखादी जुनी जाहिरात मिळवा आणि शैक्षणिक पात्रतेची ओळ वाचा. त्यात तुमच्या कोर्सचं नाव आहे का? नसेल तर पैसे परत कमरेला खोचा. आयटीआयमध्ये हेल्थ सॅनिटरी इन्स्पेक्टर हा एका वर्षाचा ट्रेड आहे. नगरपालिकांच्या भरतीत स्वच्छता निरीक्षकाची पदविका मागतात. पण नेमकी कोणती आणि सोबत पदवी हवी का, हे त्या जाहिरातीतच कळेल. आयटीआयची फी आणि त्या पत्रकातली फी शेजारी ठेवून बघा, मग बोलू.

कारखान्यांची मागणीही वाढेल असं दिसतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झालं. कापडाच्या, शिलाईच्या कामात बायकाच जास्त असतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता तो हजार कामगारांवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत हा आकडा पाचशेवर आला आहे, धोक्याच्या प्रक्रिया असतील तर अडीचशेवर. घरात बीएस्सी झालेली मुलगी बसून असेल, तर तिच्या कानावर हे घाला.

पण मला जास्त बोलायचंय ते पाण्याबद्दल.

जुलै २०२२. सेमाडोह ज्या चिखलदरा तालुक्यात येतं, त्याच तालुक्यातली पाचडोंगरी आणि कोयलारी. विजेचं बिल थकलं, जोडणी तुटली, नळाचं पाणी बंद. मग लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी भरलं. गावात जुलाब-उलट्यांची साथ आली, शंभराहून जास्त माणसं आजारी पडली आणि काही जीव गेले. हंडा कुणी भरला असेल, हे सांगायला नको. त्या बायकांना पाणी तपासता आलं असतं तर?

आणि ते अवघड नाही हो. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर. ती आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग ओटी टेस्ट. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले, की ते पिवळं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर क्लोरीन पोचलेलं नाही. पावडर उघडी राहिली तर तिचा जोर जातो, हे लोणच्याचा मसाला जपणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही. जंतू बघायची बाटली तर आणखी सोपी. पाणी भरून ठेवा, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर ते पिऊ नका. अकोल्याकडं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, पाण्यातले क्षार मोजायचं कामही असंच घरोघरीचं आहे.

जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच बायकांना फील्ड टेस्ट किटवर पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. निर्णय उत्तम. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. हे शिकलेल्या बाईला पद नाही, महिन्याचा ठरलेला पगार नाही. टाकीत पावडर टाकणारा जलसुरक्षक ग्रामपंचायत नेमते आणि मी पाहिलेल्या गावांत तो पुरुषच होता. बाई पाणी तपासते ती 'सेवा', पुरुष पावडर टाकतो ते 'काम'. असं का? जलसुरक्षकाची जागा निघाली, की किटचं शिक्षण घेतलेल्या बाईचं नाव ग्रामसभेत पुढं करा. ठराव लिहून घ्या. सरपंचबाई असतील तर त्यांनीच आधी विचार करावा. पगारी जागा नसेल, तर पाच जणींनी निदान दर महिन्याच्या तपासणीची वही तरी ठेवावी. उद्या जागा निघाली तर तीच तुमच्या अनुभवाचा पुरावा.

आता जंगलातल्या नोकरीचं. सेमाडोहच्या मुलीला ती सगळ्यात जवळची. वनरक्षक म्हणून निवड झाली, की खातंच प्रशिक्षण देतं, आणि तेही पगारावर. चिखलदऱ्याला वन प्रशिक्षणाची संस्था आहेच. पण इथं एक गोष्ट लपवून पुढं जाणं मला जमणार नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात वनरक्षक स्वाती ढुमणे व्याघ्रगणनेच्या कामाला पायी निघाल्या होत्या, सोबत तीन वनमजूर. वाघिणीनं हल्ला केला आणि त्या गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये, सेमाडोहहून पुढं याच रस्त्यावर असलेल्या हरिसालला वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी जीवन संपवलं. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाबद्दल त्या लिहून ठेवून गेल्या.

एक धोका जंगलाचा, एक ऑफिसातला. दुसऱ्यासाठी बूट-हेल्मेट मिळत नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवीच, हा २०१३ चा कायदा आहे. त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. पण वेळीअवेळी ड्युटी लावणं, सगळ्यांसमोर पाणउतारा करणं, रजा अडवणं, याला अशी सरळ वाट नाही. सुरक्षेचा एवढा अभ्यास शिकवतात, त्यात एक तास याचाही असावा असं मला फार वाटतं. नोकरीला लागलेल्या मुलीनं पहिल्या आठवड्यात पगाराच्या खात्याबरोबर समितीत कोण कोण आहे हेही विचारून ठेवावं. लाजायचं काय त्यात?

हे सगळं ऐकून "मग नकोच ती नोकरी" असं म्हणणारे घरोघरी निघतील. पुरुष वनरक्षकांवरही हल्ले होतात, पण म्हणून मुलांना कुणी घरी बसवत नाही.

टपरीवर त्या मुलीला मी पत्रक बाजूला ठेवायला सांगितलं आणि २०२३ च्या वनरक्षक भरतीबद्दल बोलले. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावी पुरे होती. मुलींना तीन किलोमीटर धावायचं होतं, आणि शेवटी चालायची परीक्षा, चार तासांत सोळा किलोमीटर. पुढच्या जाहिरातीत अटी बदलतील, तेव्हा ती आली की नीट वाच, असंही बजावलं.

ती आईकडं वळून कोरकूत काहीतरी बोलली. दोघी हसायला लागल्या. मी विचारलं, काय झालं?

"ताई, माँ बोलती, सोला किलोमीटर को चार घंटे? बीच में सोना है क्या?"